शब्दालाही गाव असते

'सामान्यज्ञान' हा शब्द हल्ली आपल्या कानांवर इतक्या वेळा पडतो की, त्यातले सामान्य काय आणि ज्ञान काय, हे पाहण्याची गरज कोणासच वाटत नाही. अभ्यासिकेत बसणाऱ्या आपल्या मित्रांना विचारा. ते एक जाडजूड पुस्तक पुढे करतील. सर्वांत लांब नदी, सर्वांत उंच शिखर, पहिला हा आणि पहिली ती, अशी हजारो प्रश्नोत्तरे त्यात असतात. ती पाठ करावयाची, परीक्षेत उतरवावयाची आणि परीक्षागृहाच्या पायऱ्या उतरताना विसरावयाची, असा हा क्रम आहे. शब्दसंपत्तीचीही तीच गत. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या घोकून आम्ही कमळाला पाच नावे देऊ शकतो. पण रुमणे म्हणजे काय, शिवळ कशाला म्हणतात, हे शेतकऱ्याच्या मुलालाही आता सांगता येईलच असे नाही.

हे मी परीक्षांच्या विरोधात लिहितो आहे असे कोणी समजू नये. मलाही त्याच परीक्षा द्यावयाच्या आहेत. द्राक्षे आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याची ही तक्रार नव्हे. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, शब्द शिकणे आणि माहिती मिळवणे ही दोन वेगळी कामे आपण उगाच मानली आहेत. जसे माणसाला गाव असते, तसे शब्दालाही असते. तो कुठून आला, कोणाच्या तोंडून आला, वाटेत काय काय होऊन आला, हे विचारत गेले की इतिहास, भूगोल, शेती, राज्यकारभार हे सारे विषय त्याच्या मागोमाग घरात येतात. आणि एकदा गावासकट ओळख झालेला शब्द सहसा विसरत नाही.

न विसरण्याची गोष्ट मी हवेत बोलत नाही. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवर स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने अर्थ नसलेली अक्षरजुळणी पाठ केली आणि ती किती वेगाने विसरते ते मोजले. पहिल्या काही तासांतच बराचसा भाग निघून जातो, आणि एकाच बैठकीत पुष्कळ वेळा घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून थोडे थोडे म्हटलेले अधिक टिकते, असे त्यास आढळले. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याने बायरन या कवीच्या ओळीही पाठ करून पाहिल्या. निरर्थक अक्षरांस जेवढे कष्ट पडले, त्याच्या सुमारे दशांश कष्टांत त्या पाठ झाल्या. आपल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांनी अर्थ असलेल्या गोष्टींचीदेखील निरर्थक अक्षरे करून ठेवली आहेत, हे या प्रयोगाच्या उजेडात ध्यानात येते.

प्रथम वर्षाला असताना मराठीच्या आमच्या सरांनी सुचविल्यावरून मी एक वही घातली. नियम साधा ठेवला. दिवसाला एक शब्द. पण तो त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकलेला किंवा वाचलेला असला पाहिजे. यादीतून उचललेला चालणार नाही. शब्दासमोर तो कुठे भेटला ते लिहावयाचे, मग कोशात काय सापडले ते, आणि त्याच्या मागे आणखी काय आले ते. कधी अर्धे पान होते, कधी दोन ओळी. सणासुदीला, लग्नसराईत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत खाडे पडतात; तेवढ्याने काही बिघडत नाही.

वानगीदाखल काही पाने सांगतो. तहसील कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभा असताना समोरच्या पाटीवर तीन शब्द होते: जिल्हा, तालुका, तहसीलदार. जन्मापासून ऐकलेले शब्द. कोश उघडला तेव्हा कळले की तिन्ही अरबीतून आले आहेत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बरगडी, म्हणजे शरीराची बाजू. तिच्यावरून मुलखाची एक बाजू, एक भाग, तो जिल्हा. तालुका म्हणजे संबंध. जो प्रदेश एखाद्याच्या ताब्याशी, संबंधाशी जोडलेला तो तालुका. तहसील म्हणजे वसुली, आणि त्याला फारसी 'दार' जोडून वसुली करणारा तो तहसीलदार. तीन शब्दांत मध्ययुगीन राज्यकारभाराची सारी रचना उभी राहिली. मग ओघानेच आठवण झाली ती शिवछत्रपतींच्या राजव्यवहारकोशाची. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश महाराजांच्या आज्ञेने तयार झाला. त्यात सुमारे चौदाशे शब्द आहेत. त्यातले काही रुळले, पुष्कळ रुळले नाहीत. आज्ञा राजाची असली तरी शब्द टिकवावयाचा की नाही हे शेवटी बाजारात आणि चावडीवर ठरते, असे मला त्यावरून वाटले.

त्याच रांगेत एक काका हातात सातबारा घेऊन उभे होते. सातबारा हा शब्द खेड्यात लहान मुलालाही ठाऊक असतो. पण सात कशाचे आणि बारा कशाचे? तलाठ्याकडे महसुली हिशेबाचे गाव नमुने असतात, एक ते एकवीस. त्यांतला सातवा नमुना हक्काचा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, तिचे क्षेत्र किती, बोजा कोणता ते सांगणारा. बारावा पिकांचा, म्हणजे त्या वर्षी तीत काय पेरले ते सांगणारा. दोन्ही एकाच कागदावर आले म्हणून सातबारा. आमच्या वर्गात मी हे विचारले तेव्हा घरी शेती असलेल्यांपैकी फार थोड्यांना उत्तर देता आले. ज्या कागदावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, त्या कागदाच्या नावाचा अर्थ आपणांस ठाऊक नसावा, हे सामान्यज्ञानाच्या कोणत्या सदरात मोडते?

आता आपल्या मुलखाच्याच नावाचे पाहा. 'खानदेश' या नावाची कथा शोधू गेल्यास ती आपल्याच तालुक्यात, तापीकाठच्या थाळनेरला येऊन पोहोचते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलिक राजा फारूकी याने थाळनेर येथे आपली सत्ता स्थापन केली. त्याचा मुलगा नासीर याला गुजरातच्या सुलतानाकडून 'खान' हा किताब मिळाला आणि खानांचा देश तो खानदेश, असे बहुतेक इतिहासकार सांगतात. कान्हदेश वगैरे आणखी व्युत्पत्तीही सुचविल्या गेल्या आहेत, त्याही वहीत नोंदवून ठेवल्या आहेत. याच नासीरखानाने पुढे असीरगड घेतला आणि तापीवर नवे शहर वसवून त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव दिले; तेच बुऱ्हाणपूर. हे संत चिरविश्रांती घेत आहेत ते मात्र आपल्या वेरूळजवळच्या खुलताबादेत. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून या सुभ्याचे नाव 'दानदेश' ठेवले. बादशहाने ठेवलेले नाव! पण लोकांनी ते काही उचलले नाही. इंग्रजांनी १९०६ साली या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, तेव्हाही नाव खानदेशच राहिले. पुढे कागदोपत्री जळगाव आणि धुळे आले, तरी शेवभाजीला आणि भरताला आपण अजून खानदेशीच म्हणतो. थाळनेरला आमच्यापैकी पुष्कळांचे सोयरे आहेत. त्या गावातील फारूकींच्या कबरी मात्र किती जणांनी पाहिल्या आहेत, हे एकदा मोजण्यासारखे आहे.

शेवभाजीवरून आठवले. मिरची हे फळ मुळात अमेरिका खंडातले; पोर्तुगीजांमुळे ते सोळाव्या शतकात आपल्याकडे आले. बटाटाही तिकडचाच, आणि त्याचे तर नावही पोर्तुगीज. पगार, पाव, साबण, चावी, घमेले, बिजागरी, ही सारी मंडळी त्याच जहाजातून उतरलेली. मिरचीला मात्र आपण घरचे नाव दिले, मिऱ्यावरून. मिरचीशिवाय खानदेशी माणूस कसा जगत असेल, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता.

या वहीतले सर्वांत लांबलेले पान 'जिन' या शब्दाचे आहे. आपल्याकडच्या गावांत 'जिनजवळ उतर', 'जिनच्या मागे घर आहे' असे सर्रास म्हणतात. सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना म्हणजे जिन. हा शब्द इंग्रजी 'इंजिन'चा तुकडा आहे. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९३ साली कापसातून सरकी काढणारे यंत्र केले, त्याला हे नाव पडले. या यंत्राने काम वेगाने होऊ लागले, म्हणून कापसाची लागवड वाढली. लागवड वाढली म्हणून मळ्यांत राबणाऱ्या गुलामांची मागणी वाढली. कष्ट वाचविणाऱ्या यंत्राने गुलामगिरी बळकट केली, असा हा उफराटा न्याय. त्याच गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पश्चिम हिंदुस्थानातील कापसाच्या मुलखात पैसा खेळला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईचे मोठमोठे व्यापारी बुडाले. भाव पडल्यावर कापूस उत्पादकाचे काय होते, हे आपल्या भागात समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेचे यादवी युद्ध मी शाळेत एकदा पाठ केले होते आणि ते विसरूनही गेलो होतो. परंतु गावच्या जिनच्या फाटकातून आत शिरून जेव्हा मी त्या युद्धापर्यंत पोहोचलो, तेव्हापासून ती चार वर्षे माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

कापसाच्या याच वाटेने अमळनेरला जाता येते. प्रताप मिलचे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने तेथे विद्येची कामे उभी राहिली. तत्त्वज्ञान मंदिर त्यांतलेच. तेथील शाळेत, जी पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली, १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण शिक्षक रुजू झाले. साने गुरुजी म्हटले की आपल्याला 'श्यामची आई' आठवते आणि डोळे पाणावतात. पण त्यांच्या अमळनेरच्या दिवसांतली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे असताना ते मुलांसाठी एक दैनिक काढीत. 'छात्रालय दैनिक' त्याचे नाव. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत. गुरुजी स्वतः हाताने लिहीत आणि मुले वाचीत. देशात काय चालले आहे, जगात कोण थोर माणूस होऊन गेला, कोणत्या पुस्तकात काय चांगले सापडले, असे नाना विषय त्यात येत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात पडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारी लेखणीही गुरुजींचीच होती. रोज थोडे लिहिण्याचा सराव नसता तर हे त्यांना इतक्या सहज साधले असते का, अशी शंका मला येते.

'रोज' आणि 'थोडे' हे दोन शब्द मला मोलाचे वाटतात. ज्ञानाचा डोंगर पाहून आपण बसकण मारतो. परंतु ज्यांनी हे डोंगर रचले त्यांनीही ते असेच रचले. आपल्याच जिल्ह्यातल्या पिंपळनेरला १९०१ साली जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले, तर्कतीर्थ झाले आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. त्या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि सर्व वीस खंड पुरे व्हावयास २०१५ उजाडले. शास्त्रीजी त्यापूर्वीच, १९९४ साली, निवर्तले होते. इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावे संशोधन मंडळ निघाले आणि त्यांनी जमविलेला मराठी धातुकोश मंडळाने १९३७ साली प्रसिद्ध केला. मराठीतल्या क्रियापदांची मुळे शोधण्याचे हे काम धुळ्याहून बाहेर पडले, ही गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगता यावी. पण ती आपणांस कोणी सांगितलेलीच नसते.

कोशांविषयी दोन शब्द. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो सुमारे साठ हजार शब्दांवर गेला. हा इंग्रज लष्करी माणूस. पण पंडितांना हाताशी धरून त्याने शेतातले, स्वयंपाकघरातले, शिव्याशापांतले शब्दही टिपले. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला. हे दोन्ही कोश आणि विश्वकोशही आता मोबाइलवर फुकट पाहता येतात. तोच मोबाइल आपल्याला रोज अमुक इंग्रजी शब्द मूळचा मराठीच कसा, अशा गमतीदार व्युत्पत्तीही पाठवीत असतो. दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणजे ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. म्हणून माझ्या वहीत मी एका कोशावर विसंबत नाही. 'फड' शब्दाच्या पानावर तर दोन मते शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत. तमाशाचा फड, उसाचा फड, कुस्तीचा फड आपल्याला माहीत असतो. फडणीस यातील 'फड' म्हणजे कचेरी, असे काही म्हणतात. तो फारसी 'फर्द' म्हणजे यादी, असे दुसरे म्हणतात.

पण या 'फडा'चा आणखी एक अर्थ खास आपल्या मुलखाचा आहे. पांझरेसारख्या नद्यांवर जागोजागी बंधारे घालून, पाटाने पाणी नेऊन गावच्या सामायिक नियमांनी शेती भिजवावयाची, ही जुनी पद्धत म्हणजे फड बागायत. भिजणाऱ्या जमिनीचे जे मोठे तुकडे पाडलेले असतात ते फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि कोणत्या फडात कोणते पीक ते दरवर्षी पाळीने बदलावयाचे. पाणी सोडणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार, पिकाची राखण करणारा जागल्या. पाणीवाटप कसे असावे यावर आज मोठमोठे ग्रंथ लिहिले जातात. त्यातले पुष्कळसे या चार-पाच शब्दांत साठलेले आहे. हे शब्द बोलणारी माणसे आता वयस्कर झाली आहेत. कोशातला शब्द उद्याही सापडेल. म्हाताऱ्यांच्या तोंडातला उद्या सापडेलच असे नाही. म्हणून माझ्या वहीत हल्ली कोशापेक्षा आजीची भर अधिक पडते. मी लिहावयास बसलो की ती विचारते, "काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?" आणि मी सांगितलेला शब्द ऐकून ती त्याचे अहिराणी रूप सांगते. काळ्याचा 'काया', डोळ्याचा 'डोया', सकाळची 'सकाय'.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. आपल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांवरून, सातपुड्याच्या पायथ्यापासून मुले येतात. घरी अहिराणी, कोणाची पावरी, कोणाची भिली, कोणाची गुजरी. वर्गात तोंड उघडले की 'शे' निघेल आणि कोणी हसेल, या भीतीने ती पहिले वर्षभर गप्प बसतात. आपल्याला शब्द कमी येतात, असे त्यांना वाटते. खरे पाहता त्यांच्याजवळ शब्दांचे दोन संच असतात. ग्रिअर्सन या पंडिताने हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तिच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिली भाषांच्या शेजारी स्वतंत्र जागा दिली आहे, आणि तिचे गुजरातीशी असलेले नाते दाखविले आहे. त्याचे वर्गीकरण मान्य करा अथवा करू नका. पण जिला आपण अशुद्ध मराठी म्हणून दडवतो, तिच्यासाठी एका परदेशी पंडिताने पाने खर्ची घातली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा म्हणून नोंदविणारे १८ लाखांहून अधिक आहेत. आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर घराघरांत माहीत आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. जाते, चूल, वावर आणि मळणी यांतून जे शब्द हाताला लागले, त्यांतच त्यांनी गाणी रचली. मुलाने ती टिपून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्राला ती वाचावयास मिळाली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. बोलीतला शब्द लपविण्याची रीत निदान त्या विद्यापीठाच्या आवारात तरी राहू नये.

यंदाच्या जूनपासून आम्ही काही मित्रांनी सरांची परवानगी घेऊन मराठी विभागाच्या फलकाचा एक कोपरा मागून घेतला आहे. त्यावर रोज एक शब्द आणि त्याच्याविषयी चार ओळी खडूने लिहितो. सुरुवातीला फारसे कोणी थांबत नसे. 'जिल्हा' लिहिला त्या दिवशी खाली कोणीतरी 'बरगडी? खरेच?' असे लिहून गेले. 'जागल्या'च्या दिवशी साक्रीकडच्या एका मुलीने आपल्या आजोबांकडून ऐकलेली माहिती खाली जोडली. मध्यंतरी एकदा घरातल्या अगदी साध्या वस्तूंची नावे लिहिली, तेव्हा सातपुड्याकडच्या एका विद्यार्थ्याने प्रत्येकासमोर पावरी शब्द लिहिला, आणि तो त्या गावाकडचा आहे, आमच्याकडे निराळा म्हणतात, असे दुसऱ्याने त्याच्याखाली लिहिले. दोघे एकाच वर्गात असूनही त्यांची तोवर ओळख नव्हती. आता फलकावर मराठी, अहिराणी आणि पावरी असे तीन रकाने आखले आहेत. गुजरीसाठी चौथा आखावयाचा आहे, पण फलकाची रुंदी पुरत नाही, म्हणून सरांकडे दुसऱ्या फलकासाठी अर्ज दिला आहे.